मामाजींचं डोकं आणि माझी धास्ती

लाखनीच्या बाजारात आम्ही चार सुना भेटलो की सासरच्या किश्श्यांचा ढीग लागतो. माझा ढीग सगळ्यात उंच, पण कुणाला खरा वाटत नाही! मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हंटिंग्टन आहे. मेंदूचा आजार. हातपाय आपोआप हलतात ते जगाला दिसतं. स्वभाव हलतो तो फक्त घरच्यांना. वर हा आजार वारशाने येतो. नवऱ्याला येईल की नाही, निम्मी-निम्मी शक्यता. तो तपासणी करून घेत नाही. आणि आमची लेक पिंकी अजून बालवाडीत.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, चिडचिड होते का?"

आदल्याच दिवशी मामाजींनी रिमोट भिंतीवर फोडलेला!

"मले काहीच नाही. सुनेले तपासा, लय घाबरते."

डॉक्टरांनी खरंच माझं बीपी पाहिलं. वाढलेलं निघालं!

*

मामाजी एकाच गोष्टीवर अडकतात. "गेट लावलं काय?" सकाळपासून तेच. वाद नको, विषय बदला, असा डॉक्टरांचा सल्ला. बदलला.

"मामाजी, यंदा धान कसा आहे?"

"मस्त आहे नं!"

जिंकले मी!

"पण गेट लावलं काय?"

*

नवरात्रात आंधळगावला गेलो. देवीची गाणी रंगात, आणि मामाजींची मान-हात हलताना पाहून बायकांनी ठरवलं, अंगात आली! कुंकू लावलं, पाया पडल्या.

"माय, काय पायजे तुले?"

मामाजी खेकसले, "चाय!"

आजार आहे हो, आजार, मी सांगत सुटले. एकीने मलाच बाजूला घेतलं, "देवीले साखर किती टाकू?"

*

मी काय कमी आहे? नवऱ्याला मुद्दाम चहाचा काठोकाठ भरलेला कप देते. हात थरथरतो का, बघायला. वाटलं, त्याला कळत नाही.

परवा त्याने रिकामा कप पुढे केला. "नाही सांडला. झालो पास?"

*

काल त्याला गाडीची चावी सापडेना. डबे आपटले, स्टुलाला लाथ मारली, माझ्यावर ओरडला. पिंकी रडायला लागली. स्वभाव बदलतोय का? सुरुवात अशीच होते ना?

मामाजी खुर्चीतून म्हणाले, "घाबरू नको बाई. हा पयलेपासूनच असा आहे. आपल्या मायवर गेला!"