दोनहात्यांचं फोल्डर

दोनहाते हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण खरं आडनाव कोणी विचारायलाही जात नसे. कोवळ्या वयात एका उस्तादाच्या हाताखाली चुन्याच्या बादल्या ढवळत ते रंगकाम शिकले. पहिला हात भिंत पिते, दुसरा हात माणसाला दिसतो, हे उस्तादाचं वाक्य त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. "एका हाताने टाळी वाजत नाही, साहेब, आणि एका हाताने रंग बसत नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि हात आखडता घेणाऱ्याला तर दोनदा. त्यावरून कोणीतरी त्यांना दोनहाते म्हटलं आणि ते नाव पक्कं बसलं. एका नव्या गिऱ्हाईकबाईंनी तर त्यांच्या बायकोला "मिसेस दोनहाते" अशी हाक मारली होती. त्यावर बायको म्हणाली होती, "इथे दोन आहेत होय? घरात चहाचा कप उचलायला एकही निघत नाही."

रंगाच्या धंद्यात रंगाइतकाच विश्वास लागतो. लोक किल्ली हातात देऊन नातेवाइकांकडे राहायला जातात, आणि मागे रंगारी त्यांच्या पलंगाखालचं, कपाटामागचं सगळं बघतो. दोनहात्यांच्या दाराजवळ खिळे ठोकलेली एक फळी होती. तिच्यावर कोणाच्या ना कोणाच्या घराच्या किल्ल्या कायम लटकत असत. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला ती फळी म्हणजे पदवीच्या जागी होती.

फोटो काढायची सवय मात्र एका भांडणातून लागली. एका गिऱ्हाइकाने भिंतीतली जुनी भेग त्यांच्या माथी मारली. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, भिंत खरवडायला पत्रा लावण्याआधी फोटो काढत जा." तिने त्यांच्या फोनवर फोटो ठेवायला क्लाउडमध्ये जागा उघडून दिली.

"म्हणजे फोन बादलीत पडला तरी फोटो शाबूत?" दोनहात्यांनी विचारलं होतं.

"शाबूत."

"आणि मी घोड्यावरून पडलो तर?"

"तर त्याचाही फोटो आई टाकेल."

रंगाऱ्यांचा घोडा म्हणजे छताला हात पोचावा म्हणून उभं राहायचं लाकडी स्टँड. त्यावरून ते अजून पडले नव्हते.

मुलीने 'कामं' नावाचं एक मोठं फोल्डर केलं. त्याच्या आत प्रत्येक घराचं एक छोटं फोल्डर. गिऱ्हाईक बाहेर राहायला गेलं असेल तर त्याला त्याच्या फोल्डरची लिंक पाठवायची. इकडे फोटो टाकला की तिकडे त्याला आपली भिंत दिसते. पुढे मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, पण फोल्डरं वाढत राहिली.

त्या फोल्डरांबद्दल दोन गोष्टी मुलीलाही माहीत नव्हत्या. एक म्हणजे घरं लक्षात राहावीत म्हणून दोनहात्यांनी त्यांना दिलेली नावं. दुसरी म्हणजे भेगा आणि ओल यांच्या जोडीला ते आणखीही काही टिपत असत. पलंगामागे पोराने काढलेली आगगाडी, फोनजवळ भिंतीवरच लिहून ठेवलेले नंबर, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. भिंतीला कान असतात म्हणतात. दोनहात्यांना वाटे, तोंडही असतं, आणि आपण ते पुट्टीने बुजवतो. फोटो काढला की मग हात मोकळा चाले.

एका चार मजली इमारतीतली बहुतेक घरं त्यांनीच रंगवली होती. आता तिथला जिना रंगवायचा होता. इमारतीच्या सेक्रेटरींनी त्यांना रहिवाशांच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि रंगाचे नमुने पाठवायला सांगितलं. दोनहात्यांनी 'कामं'च्या आत 'जिना' नावाचं फोल्डर केलं, त्यात चार रंगांचे फोटो ठेवले आणि सकाळी कामाच्या ठिकाणी उभ्या उभ्या लिंक पाठवली. चष्म्यावर पुट्टीची पांढरी धूळ होती. 'जिना' उघडायच्या आधीच त्यांचं बोट दाबलं गेलं होतं. लिंक गेली ती 'कामं'ची. फोन खिळ्यावर टांगलेल्या शर्टाच्या खिशात टाकून ते घोड्यावर चढले आणि छत घासायला लागले.

जेवायला खाली उतरले तर फोन वाजतच होता.

"दोनहाते, मी 'चहा नाही' बोलतेय."

"कोण?"

"चौथा मजला! तुमच्या फोल्डरात माझ्या घराचं नाव तेच आहे ना? 'चौथा मजला, चहा नाही'!"

दोनहात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. पुढचा फोन तळमजल्याचा. "आमच्या घरावर 'दोघांनाही विचारा, दोघं वेगळं सांगतात' असं लिहिलंय तुम्ही. बायको म्हणते बरोबर आहे. मी म्हणतो साफ चूक!" मागून बायकोचा हसण्याचा आवाज आला. इथपर्यंत ठीक होतं. पण तिसरा फोन पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा होता, आणि त्या ओरडल्या नाहीत. "आमच्या झोपायच्या खोलीतला पसारा आणि ओल आज सगळ्या इमारतीने बघितली," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरातले म्हणून किल्ली दिली होती. ती संध्याकाळी परत द्या."

दोनहात्यांनी डबा तसाच झाकून ठेवला. त्यांनी मुलीला फोन लावला. ती ऑफिसात होती.

"पोरी, मी सगळ्यांची घरं चव्हाट्यावर मांडली गं."

"बाबा, आधी खाली बसा. 'कामं' उघडा. शेअरवर जा. लिंक असलेला कोणीही बघू शकतो, असं दिसतंय? ते बंद करा."

"केलं."

"झालं. आता कोणाला उघडणार नाही."

"पण बघितलेलं कशाने बुजवायचं? त्याला पुट्टी नाही."

मुलीने त्यांचं खातं ऑफिसातूनच उघडून फोल्डरांची नावं वाचली. मग म्हणाली, "बाबा, 'दुसरा मजला, बोलू नये' हे कोणाचं घर?"

"सेक्रेटरींचं."

"अगं बाई!"

तेवढ्यात ग्रुपवर सेक्रेटरींचा मजकूर आला: रंगाऱ्याने आज संध्याकाळी मला घरी येऊन भेटावे. जिन्याच्या कामाबाबत निर्णय त्यानंतर घेण्यात येईल.

घरी येऊन दोनहात्यांनी फळीवरच्या त्या इमारतीच्या सगळ्या किल्ल्या काढल्या.

"सगळ्याच घेऊन चाललात?" बायकोने विचारलं.

"मागण्याआधी दिलेल्या बऱ्या. एका इमारतीत नाव गेलं की गल्लीत जातं, आणि गल्लीत गेलं की मग ही फळी काढून सरपणात घालायची."

"माफी मागताना मान खाली घाला," बायको म्हणाली. "पण कमरेतून मोडू नका. चूक केलीय, चोरी नाही."

पहिल्या मजल्यावर त्यांनी बाईंच्या देखत त्यांचं फोल्डर पुसलं, किल्ली दिली आणि हात जोडले. दार हळूच बंद झालं. त्या घराची किल्ली पुढे परत कधी त्यांच्याकडे आली नाही.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींनी स्वतः दार उघडलं. "बसा," ते म्हणाले. एरवी ते उभ्यानेच बोलत, म्हणून दोनहात्यांना ते 'बसा' जास्तच जड वाटलं. समोर स्वयंपाकघराची चौकट होती. तिच्यावर तेलरंग आरशासारखा चकाकत होता. त्या चौकटीकडे बघायला दोनहात्यांना धीर होईना.

काही वर्षांपूर्वी सेक्रेटरींचा एकुलता एक मुलगा बँकेतली नोकरी सोडून दूरच्या शहरात गेला आणि त्याने तिथे लाकूडकामाचा कारखाना काढला. बापलेकांत शब्दाने शब्द वाढला. या दारात परत पाऊल ठेवू नकोस, असं बाप बोलून गेला आणि मुलाने ते अक्षरशः पाळलं. मग सेक्रेटरींनी घर रंगवायला काढलं आणि त्या चौकटीकडे बोट करून सांगितलं, "इथे दोन नाही, तीन हात द्या." चौकटीवर मुलाच्या उंचीच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपाशी सेक्रेटरींच्याच नेटक्या अक्षरात शेरा: 'शाळेचा पहिला दिवस'. 'गोवरानंतर'. आणि एका रेघेपाशी, 'टाचा उचलल्या. धरू नये'. दोनहात्यांनी तीन हात दिले. पण आधी फोटो काढला.

"'बोलू नये' म्हणजे काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"साहेब, ते माझ्या लक्षात राहावं म्हणून. काम चालू असताना तुम्हाला बोललेलं आवडत नाही."

"बरोबर लिहिलंय," आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "मीही तेच पाळते."

सेक्रेटरींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आणि चौकटीचा फोटो? तो काढायला कोणी सांगितला होता?"

"कोणीच नाही, साहेब. तुम्ही बुजवायला सांगितलंत, मी बुजवलं. फोटो माझ्या मनाने काढला. आत्ता तुमच्यासमोर पुसतो." त्यांनी फोन काढला.

"पुसू नका!" बाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "दुपारी मी तो चारदा बघितला. मग तुम्ही ते काय ते बंद केलंत. आधी उघडा."

दोनहात्यांनी उघडलं. दोघं नवराबायको एकाच फोनवर वाकून बघत राहिले. सेक्रेटरींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि 'टाचा उचलल्या'पाशी थांबले. मग त्यांनी फोन परत दिला.

"हे एकच फोल्डर बाहेर पाठवता येतं? बाकीची इमारत वगळून?"

"येतं, साहेब. कोणाला पाठवायचं?"

सेक्रेटरी चौकटीकडे बघत राहिले. बाईंनी मात्र मुलाचा ईमेल पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगायला सुरुवात केली. एकदाही अडखळल्या नाहीत.

"तुला कसा पाठ?" सेक्रेटरींनी विचारलं.

"'बोलू नये' असं तुमच्या घरावर लिहिलंय. माझ्यावर नाही."

दोनहात्यांनी पत्ता घातला. चष्मा पुसून दोनदा वाचला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग फोनने विचारलं: या माणसाला फक्त पाहू द्यायचं, की बदलही करू द्यायचे?

"फक्त पाहू दे," सेक्रेटरी म्हणाले.

"माझी मुलगीही तेच सांगते," दोनहाते म्हणाले. "आणि आज इतका पोळलोय की मी तेच ऐकायला हवं. पण साहेब, नुसतं बघायला दिलं की माणूस बघतो आणि मिटून टाकतो. त्याला त्यात काही ठेवावंसं वाटलं, तर जागा नको का?"

"आणि त्याने हा फोटोच काढून टाकला तर?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "टाकू शकतो, साहेब."

सेक्रेटरी उठले. चौकटीपर्यंत गेले, तिच्या गुळगुळीत रंगावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि परत आले. "फोन द्या इकडे," ते म्हणाले, आणि 'बदल करू शकेल' हे त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं. मग दोनहात्यांनी ते फोल्डर सेक्रेटरींच्या फोनवरही उघडून दिलं.

दोनहात्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"बाकी सगळ्यांच्या. तुमच्यामार्फत परत द्याव्यात म्हणून आणल्या."

"मी काय किल्ल्या वाटत फिरू?" सेक्रेटरी नेहमीच्या आवाजात म्हणाले. "ज्याला हवी तो मागून घेईल. तुम्ही त्या घरांची नावं बदला, आणि जिना सुरू करा."

ग्रुपवर दोन दिवस जिन्याच्या रंगापेक्षा ओलीचीच चर्चा जास्त झाली. घरोघरी मातीच्या चुली, तशी घरोघरी ओल निघाली होती, आणि ती एकाच फुटक्या पाइपाची आहे हे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. दोनहात्यांनी प्रत्येक घरी जाऊन माफी मागितली आणि ज्याला नको होते त्याचे फोटो पुसले. आता फोल्डरांवर नुसते मजले होते. चौथ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात रोज कप आणून ठेवत आणि म्हणत, "लिहा आता, 'चहा आहे'!"

दुसऱ्या मजल्यावरून मात्र काही कळत नव्हतं. दोनहाते अधूनमधून ते फोल्डर उघडून बघत. फोटो जागेवर होता. पुसला नव्हता, पण शेजारी काही आलंही नव्हतं. जिन्याचा पहिला हात संपला. 'आपण उगाच शहाणपण केलं,' असं त्यांना वाटायला लागलं.

दुसरा हात दुसऱ्या मजल्यापर्यंत आला त्या सकाळी सेक्रेटरींचं दार उघडलं. त्यांनी फोन पुढे धरला. फोल्डरात आता चौकटीचे दोन फोटो होते. नव्या फोटोत रंग न दिलेल्या कोऱ्या लाकडाची एक चौकट होती आणि तिला पाठ टेकून एक छोटी मुलगी उभी होती, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत. डोक्यावर पट्टी धरलेला एक मोठा हात. पट्टीखाली पेन्सिलीची रेघ, आणि रेघेपाशी लिहिलेलं: 'टाचा उचलल्या. धरू नये'.

दोनहाते हसायला लागले. सेक्रेटरी हसले नाहीत, पण फोन परत घेताना त्यांना खिसा सापडेना.

"सुट्टीत येताहेत," आतून बाई म्हणाल्या. "तिघंही."

"जिना झाला की आमची ती चौकट घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "तेलरंग खरवडून काढा. त्यावर पेन्सिल उमटत नाही. उमटेल असं काहीतरी लावा."

"खालच्या रेघा आता यायच्या नाहीत, साहेब. घासताना जातील."

"त्या आहेत फोल्डरात. मला नव्यांना जागा हवी."

"किती हात देऊ?"

"दोनच द्या. तुमच्या नावाला बट्टा नको."

जिना झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनहाते पत्रा घेऊन चौकटीसमोर बसले. सवयीने हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं.

"साहेब, आधी फोटो काढू का?"

"काढा," सेक्रेटरी म्हणाले. "पण आधी चष्मा पुसा."