गावाच्या खोलीतला बेपत्ता

रहस्यकथा लिहिणाऱ्याला लोक हमखास विचारतात, तुम्हाला खून सुचतात कुठून? मी लालबागचं नाव सांगतो. त्यांना वाटतं, टोळ्यांबद्दल बोलतोय. मी बोलत असतो आमच्या शेजारच्या खोलीबद्दल.

चाळीत आमच्या बिऱ्हाडाला लागून एक गावाची खोली होती. कोकणातल्या एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष तिथे राहायचे आणि गिरणीत पाळ्या करायचे. एक पाळी कामावर, एक जेवायला बसलेली, एक घोरत पडलेली. बायकापोरं गावी. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एवढीच प्रत्येकाची खासगी जागा. इतकी माणसं एकमेकांना खेटून राहायची, पण कोण कशासाठी रडला, याबद्दल सगळे मूग गिळून बसलेले. माझी सगळी पुस्तकं त्या गिळलेल्या मुगांवर उभी आहेत.

त्यातले एक काका संपाच्या दिवसांत बेपत्ता झाले. सकाळी दाढी केली, नवा सदरा घातला, दारातून माझ्या आईला "येतंय" म्हणाले आणि गेले. पोलिसांनी नाव लिहून घेतलं. खोलीतल्यांनी इस्पितळं पालथी घातली. मग गावी निरोप गेला आणि काकी मुंबईला आली. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. आमच्याकडेच उतरली होती. महिनाभर गॅलरीत उभं राहून जिन्याकडे बघायची.

बारा वर्षं झाली तेव्हा भावकी म्हणाली, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, दिवस घाला आणि मोकळे व्हा. रीतच आहे ती. काकीने साफ सांगितलं, "गवताच्या माणसाक आग लावून माझो घोव मरत नाय." कुंकू आणि मंगळसूत्र तसंच राहिलं. लोक आधी हळहळले, नंतर हसायला लागले.

आणि मी कादंबरी लिहिली. गिरणीच्या हौदात सापडलेला माणूस, अंगात नवा सदरा, मारेकरी खोलीतलाच. नाव बदललं की आपलं काम झालं, असं आम्हा लेखकांना वाटतं. पुस्तक बरं खपलं. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. हौद तिथे कधी होता की नाही, देव जाणे. मी तो कथानकाच्या सोयीसाठी बांधला होता.

मध्यंतरी काकी माझ्या दादरच्या घरी आली. सत्तरी उलटलेली. सोबत कॉलेजात जाणारी नात. तिनेच आजीला पुस्तक वाचून दाखवलं होतं. काकी पाणी प्यायली आणि म्हणाली, "हौदात होते तर."

"काकी, ती गोष्ट आहे. मी बनवलेली."

"सदरो बनवलेलो नाय. तो मीच धाडलेलो. तू ल्हान होतंस, तुका दिसला आसतला. मोठ्यांच्या भियान बोलाक नाय. आता लिवलंस."

मी पुन्हा पुन्हा समजावलं. चुकवाचुकवी करणाऱ्या पोराचं ऐकावं तसं तिने ऐकून घेतलं. "छापलेला खोटा कसा आसतला?" म्हणाली. मला तिचा राग आला, नातीचा आला, स्वतःची तर किळस आली. इतक्या वर्षांत या बाईला कोणीही काही सांगितलं नव्हतं. पोलिसांनी नाही, गिरणीने नाही, भावकीने नाही. सांगणारा पहिला माणूस मी, आणि पोटासाठी खोटं लिहिणारा.

"एकच सांग, झिला," ती म्हणाली. "तेंका त्रास लय झालो?"

कादंबरीत मी त्या माणसाला चार पानं भरून बुडवलं होतं. त्या पानांची तारीफ झाली होती. नातीने ती गाळली असावीत, कारण आता ती मान खाली घालून बसली होती.

मला माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. काकी आयुष्यभर तेच उत्तर ऐकत आली होती. ते पुन्हा तिच्या तोंडावर फेकायची हिंमत मला झाली नाही.

"नाय गो काकी. डोक्यात घाव बसलो आणि गेले. कळलाच नाय तेंका."

काकीने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि कपाळ पुसलं. नीट, दोनदा. मंगळसूत्र काढायला लागली, पण हात मानेमागे पोचेना. तिने नातीला मागचा हूक सोडायला सांगितलं. हूक जुना होता, लवकर निघेना. नात तो सोडवताना माझ्याकडे बघत होती, आणि तो सुटेपर्यंत मला खरं बोलता आलं असतं.