समेटवाले भाऊजी आणि ट्रिगरफिश

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांचे मोडायला आलेले संसार जोडून देतात. ही त्यांची हौस नव्हे, नोकरी आहे. कौटुंबिक सल्ला केंद्रात टेबलाच्या पलीकडे ते बसतात, अलीकडे नवरा-बायको. बायको रडत येते, नवरा धुमसत येतो, आणि तासाभरात दोघं एकत्र घरी जातात. "थोडं हिनं सोसावं, थोडं त्यानं आवरावं," हा भाऊजींचा मंत्र. सोसणं त्याच दिवसापासून सुरू होतं, आवरायला मात्र मुदत मिळते. केंद्रातले लोक त्यांना समेटवाले म्हणतात आणि ते नाव भाऊजी मोठ्या अभिमानानं मिरवतात. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे समेटवाल्यांचं घरही मला रोज दिसतं.

त्या घरात भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. टाकी ताईची. मीठ मोजून बादलीत पाणी कालवायचं, ते आदल्या दिवशी मुरत ठेवायचं, मग तांब्या-तांब्यानं बदलायचं, हे तिनं वर्षानुवर्षं केलं. नखाएवढे प्रवाळाचे तुकडे आणले आणि तळहाताएवढे वाढवले. काच चाटायला गोगलगायी होत्या, तळ झाडायला शंखात राहणारे खेकडे होते, आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी होती. ताईनं पाण्यात हात घातला की ती कोळंबी हातावर चढायची आणि बसून नखं साफ करायची. ताईच्या हातांची इतकी काळजी त्या घरात दुसऱ्या कुणी घेतली नव्हती, हे मी लिहून देते.

ताईच्या वाढदिवसाला भाऊजींनी ट्रिगरफिश आणला. काळा कुळकुळीत, पोटावर पांढरे गोल ठिपके, ओठ पिवळे. देखणा होता, नाही म्हणत नाही मी. दुकानदारानं स्पष्ट बजावलं होतं, "साहेब, हा मोठा झाला की शेजार खातो. गोगलगायी, खेकडे, कोळंबी, काही म्हणून ठेवत नाही. याला वेगळी टाकी लागते." भाऊजी हसले. "माझ्याकडे रोज असेच येतात," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन घरी आले. माशाचं नाव त्यांनी ठेवलं सुभेदार.

सुभेदारांनी आधी गोगलगायी उरकल्या. उलटी करायची, कवच दातानं फोडायचं, आतलं खायचं आणि कवच तिथंच टाकायचं. भाऊजी म्हणाले, पोट भरलेलं असलं की कुणी भांडत नाही. मग सुभेदारांचं जेवण दुप्पट झालं. ते जेवण खाऊन त्यांनी वर खेकडे खाल्ले. मग भाऊजींनी टाकीत दगडांची रांग लावून हद्द आखून दिली. सुभेदारांनी दगड तोंडात धरून उचलले आणि ताईच्या प्रवाळावर नेऊन टाकले. हीटरची वायर कुरतडली ती वेगळीच.

"अहो, परत देऊन या त्याला," ताई म्हणाली.

"अगं, घालवून देणं सोपं असतं. सांभाळून घेण्यात खरी परीक्षा असते."

परीक्षा कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. कोळंबीची एक मिशी तुटली तेव्हा त्यांनी भोकांचा प्लास्टिकचा डबा आणला, कोळंबीला त्यात घातलं आणि डबा टाकीच्या कोपऱ्यात टांगला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. भाऊजी त्याला 'सोय' म्हणायचे. सगळी टाकी सुभेदारांना, आणि कोळंबीला डबा. ताईनं पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. ती कधीच काढत नाही, आणि याचा मला लहानपणापासून संताप येतो.

अशात ठमी आली. ठमी म्हणजे ताईची लेक. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातात एकच बॅग, आणि उकाड्यातही अंगात लांब बाह्यांचा शर्ट. नवऱ्याला राग आला की तो भांडी फोडायचा, आणि या वेळी तो भांड्यांवर थांबला नव्हता. स्वयंपाकघरात तिनं बाही वर करून आम्हाला दंड दाखवला. ताई ओट्याला धरून उभी राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊजींना कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, लेकीवर त्यांचा जीव आहे. पण माणसाला जे येतं तेच तो करतो. डोळे पुसून ते म्हणाले, "रविवारी जावईबापूंना बोलावतो. बैठक घेऊ."

"बाबा, मला परत जायचं नाही," असं ठमी म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती रात्रंदिवस एवढाच विचार करत होती की रविवारनंतर आपण कुठल्या घरात असू. मला म्हणाली, "मावशी, बाबांनी एकदा समेट केला की मी नाही म्हणू शकणार नाही."

रविवारी जावईबापू इस्त्रीचे कपडे घालून आले. भाऊजींच्या पाया पडले, ताईच्या पडले, माझ्यासमोर वाकले तेव्हा मी पाय मागे घेतले. टाकीसमोरच खुर्च्या मांडल्या होत्या. जावईबापू म्हणाले, कामाचा ताण फार आहे. भाऊजींनी मान डोलावली. जावईबापू म्हणाले, स्वभाव तापट आहे पण मन साफ आहे. भाऊजींनी पुन्हा मान डोलावली. मग त्यांनी घसा साफ केला, आणि मला कळलं की आता मंत्र येणार.

"हे बघा, थोडं हिनं सोसावं…"

ठमी टाकीपाशी उभी राहून कोळंबीला चारा घालत होती. वळली नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, माझा डबा कुठे टांगणार?"

भाऊजींनी डब्याकडे बघितलं. मग सुभेदारांकडे. सुभेदार रिकाम्या टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत फिरत होते. मंत्राचा उरलेला अर्धा भाग काही बाहेर आला नाही. त्याऐवजी त्यांनी लेकीला विचारलं, "तुला परत जायचंय का?"

"नाही."

एवढंच. भाऊजी पुढचं ऐकायला थांबले, पण पुढे काही नव्हतंच. मग ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. "जावईबापू, तुम्ही निघा," ते म्हणाले. जावईबापूंनी कामाचा ताण पुन्हा सांगायला घेतला, तर भाऊजींनी त्यांचे बूट उचलून बाहेर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार जाळी घेऊन आला. सुभेदार पाठीवरचा काटा ताठ करून दगडाच्या कपारीत असे रुतून बसले की ओढून निघेनात. शेवटी दगडासकट न्यावे लागले. भाऊजी खांद्यापर्यंत भिजले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते आम्हा तिघींना सांगायला लागले, "इतकी वर्षं नोकरी केली, पण हा साधा प्रश्न मला सुचला कसा नाही? उद्यापासून येईल त्या प्रत्येक बाईला विचारणार. तुला राहायचंय का? बस्स."

ताई टाकीची काच पुसत होती. "मला पण?" ती म्हणाली.

भाऊजी हसले. मग आमच्यापैकी कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कप खाली ठेवला. "बरं बाई, सांग. तुला राहायचंय ना माझ्याबरोबर?"

ताईनं फडकं पिळलं, बादलीच्या काठावर वाळत टाकलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

याला आता बरेच दिवस झाले. भाऊजी तिच्या मागे मागे फिरतात, न सांगता पाण्याच्या बादल्या भरून ठेवतात, आणि जिन्यात भेटलो की मला हळूच विचारतात, "मेव्हणीबाई, ती चेष्टा करत होती ना?" मी ताईला विचारलंय. चेष्टा नाही, ती खरंच विचार करते आहे.