सिद्धेश्वरीचे तापते तळवे

शेजारच्या काशम्माची सिद्धेश्वरी एकोणीस वर्षांची. मनात आणलं की तिच्या हातांचे तळवे तव्यासारखे तापतात. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी हे गुपित मी तीन वर्षं सांभाळलं. काशम्माला एकच धास्ती, कळलं तर पोरीला पसंत कोण करणार?

परवा बार्शीचे मानसिंगराव भाचीच्या लग्नासाठी तिच्याकडं दोनशे कडक भाकऱ्या न्यायला आले. मी मधल्या भिंतीवर चढून बघत होते. चार दिवस आभाळ भरलेलं, त्यामुळे वाळत घातलेल्या भाकऱ्या वातडच राहिल्या होत्या.

"ही कडक हाय व्हय? दुसरीकडं बघतो," म्हणत ते वळले. ते गेले असते तर सिद्धेश्वरीनं नव्यानं मांडलेला धंदा तिथंच बसला असता.

तिनं भाकऱ्यांची चवड तळव्यांत धरली. वाफ निघाली, भाकऱ्या तडतडल्या.

"अगं, लोक बघतायत!" काशम्मा कुजबुजली.

"बघू दे की, अव्वा. वातड दिल्या तरी नावं ठेवतील, हातानं कडक केल्या तरी ठेवतील. मग कडक तरी होऊ देत!"

मानसिंगरावांनी एक मोडली. कटकन आवाज आला. "तुला तवा बी नको की, पोरी! सगळ्या अशाच कर, मी बसतो हितं."

काशम्मानं पुढची चवड लेकीच्या हातात ठेवली. मी भिंतीवरून खाली उतरले. गल्लीला सांगायला आता मी मोकळी!