पुंजा गुरवांची रडकी बंदिश

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर मी संगीतसंशोधक झालो. नेमणूक माझी मीच केली. गाण्याचं शिक्षण म्हणाल तर दोन परीक्षा, दुसरीत नापास.

पंचवटीत रद्दीच्या दुकानात मला एक ओल लागलेली वही सापडली. वर नाव होतं पुंजा गुरव. देवळात सनई वाजवणारे हे गृहस्थ जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आत त्यांनी रचलेल्या एकवीस बंदिशी, पेन्सिलीने, स्वरांसकट. ज्या ज्या गवयाला विचारलं, त्याने हे नाव ऐकलंच नव्हतं. मला फार आनंद झाला. ते विसरले गेले म्हणून नव्हे, मला सापडले म्हणून.

पहिली बंदिश बसवायला सहा महिने लागले. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, एवढं मला येत होतं. इथे रेघा वाटेल तिथे होत्या. सा आणि प कधी कोमल होत नाहीत, तर त्यांच्याखालीही. ती मी पुंजांची बंडखोरी मानली, नवा राग म्हणून जाहीर केली आणि वाचनालयाच्या सभागृहात गायलो. समोर सतरा माणसं. दोघं डोळे पुसत होती.

पहिल्या रांगेत पुंजांची मुलगी यशोदाबाई होत्या. देवळापाशी फुलं विकतात. मीच त्यांना शोधून आणलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"कुणी वारलंय का या गाण्यात?"

"नाही, असं काही लिहिलेलं नाही."

"ही रंगपंचमीची हाय. रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, उड्या मारायच्या आधी बाबा म्हणायचे. इतकं रडकं नाय म्हटलं त्यांनी कधी."

त्यांनी वही घेतली, बोट ओलं करून एका स्वराखालून फिरवलं. रेघ पुसली गेली, स्वर तसाच राहिला. "वहीची छापील रेघ हाय ती. बाकीच्या ओलीनं गेल्या."

मग त्यांनी ती बंदिश म्हणून दाखवली. साधा भूप राग, एकही कोमल स्वर नसलेला. पहिल्या परीक्षेला मुलं शिकतात तो.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या सोळा जणांना फोन करून मी राग मागे घेतला आणि खरी चाल ऐकवली. एक जण म्हणाले, "पहिलीच बरी होती हो." त्यांना मी आता टाळतो.

पुढचं वर्षभर दुपारी यशोदाबाईंच्या दुकानात बसलो. त्या झेंडू ओवत गात, मी लिहून घेई. नऊ बंदिशी त्यांना तोंडपाठ निघाल्या.

यंदा त्याच सभागृहात त्या स्वतः गायल्या. मी तंबोऱ्याचं यंत्र सुरू केलं आणि खाली जाऊन बसलो.