छातीतलं लोखंड
खनिजाचा ट्रक पुढे असला की लाल धुळीचा गंजलेल्या पत्र्यासारखा वास नाकात शिरतो आणि मला इस्पितळातली ती सकाळ आठवते. बाबांनी डिचोलीच्या खाणीवर वीस वर्षं असाच ट्रक चालवला होता. फुप्फुसाच्या कॅन्सरवर त्यांना किरणांचे शेक चालू होते, पण गाठ हटत नव्हती. मी पेपरातलं कात्रण घेऊन डॉक्टरबाईंपुढे बसले. धातूचे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडले की तेवढ्याच शेकाचा तिथे जास्त परिणाम होतो, शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होऊन गाठीवर तुटून पडते, असं त्यात होतं. बाबा मध्येच म्हणाले, “डॉक्टरबाई, माझ्या छातीत वीस वर्षांचा लोखंड आसा. ताच चलात काय?” त्या हसल्या नाहीत. “काका, ते कण वेगळे असतात. आणि हे अजून उंदरांवरच चाललंय,” एवढंच म्हणाल्या. बाबांनी कात्रणाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. बाबा गेल्यावरही मी तशा बातम्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. परवाच्या बातमीतही उंदीरच होते.