न टाकलेली मूठ

गल्लीतली पोरं तिला चाळणबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि रागही नव्हता, कारण सकाळी दार उघडलं की ती खरोखरच उंबऱ्यात बसून माती चाळत असायची. केसांत धूळ, कोपरापर्यंत लाल हात. खडे निवडायचे, ढेकळं खलात कुटायची, बादलीत भिजवून ढवळायची. जड कच तळाशी बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, मग तिसऱ्या. शेवटी जो साका उरेल त्याच्या वड्या वाळवायच्या आणि डिंकाच्या पाण्यात काचेवर घोटायच्या. माती पुरेशी बारीक झाली का, हे ती दाताखाली धरून बघायची. कचकच लागली की परत बादलीत.

दुकानातले रंग तिला चालत नसत. डोंगराचं चित्र काढायचं तर रंग डोंगराकडूनच मागावा, असं तिचं म्हणणं.

"आणि त्याने नाही दिला तर?" फ्रेमवाला विचारायचा. तिची चित्रं त्याच्याच दुकानात टांगलेली असत.

"तर तो डोंगर काढायचा नाही."

"असं धंद्यात चालत नाही, बाई."

"म्हणून तर तू धंद्यात आहेस आणि मी चिखलात."

गावामागच्या डोंगराचं एक चित्र मात्र तिच्याकडे कित्येक वर्षं अर्धवट पडून होतं. वाळल्या गवताचा तो उतार, ऊन कलल्यावर दिसतो तसा पिवळा, तिला मिळत नव्हता.

त्या पिवळ्यासाठी तिच्याबरोबर जर कोणी उन्हातान्हात हिंडलं असेल तर ते भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. टेम्पो चालवायचे. माल पोचवून परतताना मेहुणीला गाडीत घ्यायचे आणि रस्त्याकडेला कापलेली दरड दिसली की ब्रेक.

"मेहुणीबाई, पिवळी."

"आत्ता दिसतेय पिवळी. डिंकात घातली की तपकिरी पडेल."

"तुला या जन्मात मिळायची नाही."

"मिळेल."

"लोकांच्या मेहुण्या अत्तर मागतात, बांगड्या मागतात. आमची ढेकळं मागते. आणि पोतं उचलायचं कोणी? भावोजींनी."

कुरकुरत उचलायचे. टेम्पोचा मागचा फाळका कायम मातीने माखलेला, आणि ताई दोघांच्या नावाने बोटं मोडायची.

एका सकाळी तोच टेम्पो धुताना ते बादलीशेजारी बसले ते उठलेच नाहीत.

दफनभूमीत खड्डा खोल खणला होता. आधी काळी माती निघाली, मग मुरूम, आणि अगदी शेवटी निघालेली ढिगाच्या माथ्यावर पसरली होती. चाळणबाई ताईचा दंड धरून उभी होती. डोळ्यांना धार लागलेली. त्या पाण्यातूनच तिला ती दिसली. पिवळी.

एकेक जण वाकून मूठमूठ माती आत टाकत होता. तिची पाळी आली. तिने ढिगाच्या माथ्यावरून मूठ भरली. अंगठा आपोआप मातीवरून फिरला. खडा नाही, कच नाही. कडेशी ती उभी राहिली आणि मूठ उघडेना. मागचा माणूस खाकरला. तिने दुसरा, रिकामा हात खड्ड्यावर उघडला आणि भरलेली मूठ स्वेटरच्या खिशात घातली.

कोणाच्याही लक्षात आलं नाही.

माती तिने धुतली, निवळवली आणि सवयीने दाताखाली धरली. लोण्यासारखी लागली. मग आपण काय तोंडात घातलंय हे तिच्या डोक्यात शिरलं. मोरीशी उभी राहून ती चुळा भरत राहिली. पण वडी फेकली नाही. चित्र पुरं केलं, फ्रेमवाल्याला दिलं, आणि बजावलं, "आतल्या बाजूला लाव." त्याने अर्थातच दर्शनी लावलं.

दोनच दिवसांत ताई दारात.

"अगं, तो डोंगर झाला आणि मला सांगायचं नाही? फ्रेमवाल्याला बजावून आलेय, कुणाला देऊ नकोस म्हणून. ह्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीला लावते. शेवटी मिळाली म्हणायची पिवळी. कुठे?"

खोटं तिने तयार ठेवलं होतं. "पुलाखाली."

"पुलाखाली? तिथे तर ह्यांनी तुला दहादा नेलं. तिथे सगळी काळी, हेच सांगायचे घरी येऊन."

चाळणबाईच्या हातातली चाळणी थांबली.

"ताई, ते चित्र घरात लावू नकोस."

"का?"

"मी मूठ टाकलीच नाही."

"कसली मूठ?"

"भावोजींना. खिशात घालून आणली. पिवळी होती."

ताई हळूच उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "तू तर रडत होतीस. माझा दंड ओला झाला होता."

"रडत होते."

"आणि हात?"

"हात मूठ भरत होता."

"ह्यांनी तुझी पोती उचलली गं." ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर चाळणबाईला बरं वाटलं असतं. "उरलीये का?"

डबीच्या झाकणात नखाएवढी वडी होती.

"चल."

ताई पुढे, ती मागे, अशा दोघी दफनभूमीत आल्या. कबरीची माती खचली होती, तिच्यावर गवताची बारीक पाती आली होती. चाळणबाई गुडघ्यांवर बसली. तळहातांत वडी चुरली आणि खाली सोडली. जमिनीला ओल होती. भुकटी ओली झाली आणि तिचा रंग चढला, पिकल्या लिंबाच्याही पुढे गेला. ती नकळत वाकली, मान तिरकी करून, डोळे बारीक करून.

"बघतेयस," मागून ताई म्हणाली.

"हो."

"लाज वाटतेय का?"

"वाटतेय."

"आणि तरी बघतेयस."

"हो, ताई."

ताईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "चित्र घरी नको. राहू दे दुकानात. मला वाटेल तेव्हा जाऊन बघेन. तू बरोबर यायचं नाहीस."

ती फाटकाकडे निघाली. चाळणबाई उठली. तळहाताच्या रेघांत पिवळं भरून राहिलं होतं. कपड्याला पुसावं तर पुन्हा घरी नेल्यासारखं. ती परत खाली बसली आणि कबरीवरच्या गवतावर हात घासत राहिली. रेघांतलं काही निघेना. फाटकाशी ताई थांबली होती, पाठ करून.